हृदयाला उसंत

हार्ट फेल्युअर हा शब्द कानावर पडला की घरातल्या माणसांना वाटतं, हृदय बंद पडतंय. तसं नसतं, हे डॉक्टर समजावून सांगतात आणि ते पटतंही. पण त्यामागोमाग येणारा दुसरा समज सहजासहजी जात नाही: हृदयाची ताकद कमी झाली आहे, तर मग ताकद वाढवणारं काहीतरी द्या. हा समज काही फक्त खेड्यापाड्यातला नाही. वैद्यकशास्त्रानेही तो कित्येक पिढ्या खरा मानला, त्याच्या आधारावर औषधं घडवली आणि त्यातल्या काही औषधांनी माणसं लवकर जातात हे आकड्यांनी दाखवून दिल्यावरच सोडला. दमलेल्या हृदयाला रेटून चालवायचं की त्याच्यावरचा भार उतरवायचा, हा प्रश्न आहे. माझं मत भार उतरवण्याच्या बाजूने आहे. ते तसं का, हे सांगायचं तर हृदयाच्या पेशीत शिरावं लागेल, आणि तिथलं कॅल्शियम कसं ये-जा करतं ते पाहावं लागेल.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं, दात आणि गुडघेदुखीच्या गोळ्या आठवतात. हृदयातला मामला वेगळा. हार्ट फेल्युअरच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर ते ठीकच निघतं. कमी-जास्त काही नसतं. बिघाड असतो तो पेशीच्या आत त्याची ने-आण करणाऱ्या व्यवस्थेत. त्यामुळे गोळ्या खाऊन तो सुधारण्याचा प्रश्नच येत नाही.

हृदयाला कॅल्शियम लागतं हे कळलं तेसुद्धा जरा आडवाटेनेच. 1883 च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात ठेवत होता. नळाचं पाणी वापरून केलेल्या द्रावणात ते हृदय तासन्‌तास धडधडत राही. शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी वापरलं की ठोके मंदावत आणि थांबत. नळाच्या पाण्यात जे जास्तीचं होतं ते कॅल्शियम. कुडाळच्या कुठल्याही दवाखान्यात खाटेशेजारी टांगलेली आरएलची बाटली असते ना, त्यातला 'आर' हा याच रिंगरचा. पुढे 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या अॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं. त्या बाटलीकडे मी लेखाच्या ओघात पुन्हा येणार आहे, कारण ताकदीच्या कल्पनेशी तिचा आपल्याकडे फार जवळचा संबंध आहे.

रिंगरनंतर शंभर वर्षांत जे उलगडलं ते थोडक्यात असं. पेशीच्या बाहेर जेवढं कॅल्शियम असतं, त्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढंच विसावलेल्या पेशीच्या आत मोकळं फिरत असतं. आमच्या कोकणातल्या कर्ली नदीला भरतीचं पाणी खूप आतपर्यंत येतं. काठच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून बंधारे घालतात आणि त्यांना झडपा बसवतात. हृदयाच्या पेशीचं आवरण हा असाच बंधारा आहे. फरक इतकाच की नदीची भरती दिवसातून दोनदा येते आणि इथे झडपा दिवसाला लाखभर वेळा उघडून मिटाव्या लागतात. प्रत्येक ठोक्याला विजेची लहर येते आणि थोडंसं कॅल्शियम आत शिरतं. तेवढ्याने काम भागत नाही. ते आत शिरलेलं कॅल्शियम पेशीतल्या साठ्याची दारं उघडतं, या दारांना रायनोडिन रिसेप्टर म्हणतात. तिथून खरा लोंढा सुटतो, तो ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि स्नायू आवळला जातो. हे ट्रोपोनिन 1960 च्या दशकात जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी शोधलं. आज छातीत दुखू लागलं की रक्तात जी ट्रोपोनिनची तपासणी करतात, ती याच कुळातल्या प्रथिनांची.

स्नायू आवळण्यावर सगळ्यांचं लक्ष जातं. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पुढचा ठोका पडायचा तर स्नायू सैल व्हायला हवा, हृदय रक्ताने भरायला हवं, आणि त्यासाठी हे सगळं कॅल्शियम काही दशांश सेकंदात गोळा करून परत ठेवावं लागतं. माणसाच्या हृदयात त्यातलं साधारण सत्तर टक्के सर्का नावाचा पंप साठ्यात ओढून घेतो. उरलेलं बहुतेक पेशीबाहेर काढलं जातं, सोडियमच्या बदल्यात. सर्काला दर दोन कॅल्शियममागे ऊर्जेचा एक घटक, म्हणजे एक एटीपी, मोजावा लागतो. सैल होणं ही हृदयाच्या लेखी विश्रांती नसून मेहनतीचं काम आहे, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो.

हे प्रत्यक्ष पाहिलं 1987 मध्ये, बॉस्टनला, ज्युडिथ ग्वाथमी, जेम्स मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हृदयप्रत्यारोपणाच्या वेळी काढून टाकलेल्या निकामी हृदयांतून त्यांनी स्नायूच्या बारीक पट्ट्या घेतल्या आणि त्यांच्या पेशींत इक्वोरिन भरलं. इक्वोरिन हे पॅसिफिक महासागरातल्या एका जेलीफिशचं प्रथिन आहे. कॅल्शियम मिळालं की ते निळसर उजळतं. निरोगी पट्टीत हा उजेड चमकून लगेच विझायचा. निकामी हृदयाच्या पट्टीत तो रेंगाळायचा. स्नायूचे धागे कॅल्शियमला प्रतिसाद द्यायला तयार होते. कॅल्शियम वेळेवर आवरलं जात नव्हतं.

पुढच्या संशोधनाने बाकीचं चित्र भरलं. निकामी होत चाललेल्या पेशीत सर्का पंप कमी पडतो. साठ्याची दारं नीट मिटत नाहीत, विसाव्याच्या क्षणीसुद्धा पाझरत राहतात. साठा अर्धामुर्धा राहिला की पुढचा ठोका दुबळा पडतो. कॅल्शियम पेशीत घोटाळत राहिलं की स्नायू पुरता सैल होत नाही, हृदय नीट भरत नाही, आणि मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर येतो. माणूस रात्री आडवा झाला की गुदमरून उठून बसतो, उशाला तीन-तीन उशा लागतात. शिवाय पाझरलेलं कॅल्शियम बाहेर काढताना दर कॅल्शियममागे तीन सोडियम आत येतात, त्यातून विजेचा एक अवेळी झटका तयार होतो आणि ठोक्यांची लय बिघडते. हार्ट फेल्युअरचा रुग्ण, जो काल चालताबोलता होता, तो एकाएकी जातो यामागे पुष्कळदा हेच असतं.

हे सगळं आणखी बिघडवतं ते शरीराचंच घबराटीचं उत्तर. रक्त कमी पडतंय असं दिसलं की मज्जासंस्था अॅड्रिनॅलिन आणि त्याची भावंडं सोडते. पेशीच्या झडपा जास्त उघडतात, जास्त कॅल्शियम आत येतं, ठोका जोरात पडतो. वाघ मागे लागला असेल तर हे ठीक. महिनोन्‌महिने हेच चालू राहिलं तर पाझरणारी दारं आणखी पाझरतात आणि पेशी थकून मरू लागतात. तासाभरासाठी जे जीव वाचवतं तेच वर्षभर चाललं तर जीव घेतं. हार्ट फेल्युअरच्या उपचारांचा सारा वाद या एका वाक्याभोवती फिरतो.

आणि या अॅड्रिनॅलिनच्या वादळाचा सगळ्यात उघडावाघडा नमुना कोकणाने पाहिलेला आहे. तांबडा विंचू. चिऱ्यांच्या गडग्यात, पेंढ्याच्या उडवीत, लाकडांच्या राशीत हा असतोच. त्याच्या विषाने नसांमधली सोडियमची दारं उघडीच राहतात आणि शरीरातलं अॅड्रिनॅलिन, नॉरअॅड्रिनॅलिन एकदम बाहेर फेकलं जातं. दंशानंतर थोड्याच वेळात उलट्या, घामाच्या धारा, हातपाय बर्फासारखे गार. रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आवळतात, आणि या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय कॅल्शियमने गच्च होऊन लटकं पडतं. मग खोकला, धाप, तोंडाला गुलाबी फेस. धडधाकट पोर काही तासांत हार्ट फेल्युअरने जातं. याच विंचवाच्या विषातून 1990 मध्ये वेगळं केलेलं आयबेरिओटॉक्सिन आज कॅल्शियमवर चालणारी पोटॅशियमची दारं अभ्यासायला जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने मुलं जाताना त्यांनी पाहिलं, आणि ती विषाने नव्हे तर हृदयाने जातात, हे खाटेशेजारी बसून, तासातासाला नाडी आणि रक्तदाब टिपून त्यांनी ओळखलं. 1982 मध्ये या लक्षणांवरचा त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. 1986 मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचा अनुभव मांडला. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त, साधी गोळी. ती हृदयाला जोर देत नाही. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे हृदयासमोरचा अडसर काढते. रुग्णाचे गार पडलेले हातपाय हळूहळू कोमट होऊ लागले, हातावरच्या शिरा दिसू लागल्या, की समजायचं, उतार पडला. बावस्करांच्या नोंदींनुसार पूर्वी गंभीर दंशाचे तीस टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने त्यांची महाडची 70 रुग्णांची चाचणी छापली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यावर दहा तासांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण 91 टक्के निघालं, नुसत्या प्राझोसिनवर 23 टक्के. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला या कामातली एक गोष्ट विलक्षण वाटते. विंचूदंशातून वाचलेल्या मुलाच्या हृदयाचा इको काही दिवसांनी काढला तर तो बहुधा पूर्ववत निघतो. म्हणजे त्या रात्री जो स्नायू हलत नव्हता तो मेलेला नव्हता. त्याची कॅल्शियमची ने-आण ठप्प झाली होती, आणि वादळ शमताच तिची घडी बसली. दुबळं दिसणारं सगळंच हृदय संपलेलं नसतं, याचा याहून लख्ख पुरावा कुठला हवा?

आता याविरुद्ध जाणारी गोष्ट. त्याच 1986 मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 642 पुरुषांवर केलेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात जुनाट हार्ट फेल्युअरला प्राझोसिनही देऊन पाहिलं होतं. काडीचाही फरक पडला नाही; औषध न घेणाऱ्यांइतकेच रुग्ण गेले. तेच औषध, तेच वर्ष, महाडला जीवदान आणि तिकडे शून्य. मग भार उतरवण्याचं तत्त्व खोटं का? नाही. विंचवाच्या वादळात मुख्य अडसर आवळलेल्या रक्तवाहिन्यांचा असतो आणि प्राझोसिन नेमका तो काढतं. जुनाट आजारात अॅड्रिनॅलिनचा मारा थेट हृदयाच्या पेशीवर, बीटा नावाच्या ग्राहकांवाटे (रिसेप्टरांवाटे), वर्षानुवर्षं चालतो. प्राझोसिन त्याला हात लावत नाही. उसंत द्यायची ती कुठे, हे आजाराप्रमाणे बदलतं. म्हणूनच जुनाट रुग्णाला तारणारा, हेच ग्राहक अडवणारा बीटा ब्लॉकर विंचूदंशाच्या पहिल्या तासांत देणं धोक्याचं.

बीटा ब्लॉकरची कहाणी तर वैद्यकशास्त्राला अंतर्मुख करणारी आहे. हे औषध हृदयाचा वेग आणि जोर दोन्ही कमी करतं. दुबळ्या हृदयाचा जोर आणखी कमी करायचा, हे ऐकायलाच वेडेपणाचं वाटे. पाठ्यपुस्तकांत हार्ट फेल्युअरला ते निषिद्ध होतं. 1975 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांना ते दिलं आणि रुग्ण सुधारले. वीसेक वर्षं या गोष्टीकडे जवळपास कुणी वळून पाहिलं नाही. सगळ्यांची नजर जोर वाढवणाऱ्या औषधांवर होती. मिलरिनोन हे त्यातलं एक: पेशीत कॅल्शियम वाढवणारं, दिलं की रुग्णाला लगेच बरं वाटणारं. 1991 मध्ये 1,088 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. मिलरिनोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू 28 टक्क्यांनी जास्त होते. उलट 1999 मध्ये युरोपातल्या 2,647 रुग्णांवरच्या बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या चाचणीचा निकाल आला. ती मुदतीआधी थांबवावी लागली होती, कारण मृत्यू 34 टक्क्यांनी घटले होते आणि उरलेल्यांना औषधाविना ठेवणं अन्यायाचं झालं असतं.

जोर देणाऱ्या औषधांतलं सर्वांत जुनं डिगॉक्सिन. त्याच्या जातीची द्रव्यं आपल्या परसातल्या कण्हेरीत आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्टीत आहेत. ती पोटात गेली की हृदयाची लय का बिघडते याचं उत्तरही पेशीत साठणाऱ्या कॅल्शियममध्येच आहे. 1997 मध्ये 6,800 रुग्णांच्या चाचणीत डिगॉक्सिनने रुग्णालयाच्या वाऱ्या कमी केल्या, मृत्यू मात्र कमी केले नाहीत. त्याला आजही थोडी जागा आहे, ती तेवढीच.

कुणी म्हणेल, जोर देणारी औषधं ढोबळ होती. बिघाड सर्का पंपाचा आहे तर पंपच दुरुस्त करा. हा विचार मलाही भुरळ घालतो. विषाणूच्या पाठीवर सर्काचं जनुक चढवून ते हृदयात सोडण्याचा प्रयोग झाला, 250 रुग्णांवर. 2016 मध्ये निकाल छापून आला तो निराशेचा: काही फायदा नाही. जनुक पुरेशा पेशींत पोहोचलंच नसावं, असं म्हणतात, आणि ते खरंही असू शकेल. पण याच्या शेजारी 2002 मधलं एक निरीक्षण ठेवून पाहा. बीटा ब्लॉकर घेतल्यावर ज्या रुग्णांचं हृदय सुधारलं, त्यांच्या स्नायूचा कण काढून तपासला तेव्हा सर्काच्या जनुकाचं काम वाढलेलं आढळलं. बाहेरून पंप बसवायला गेलो तर जमलं नाही. हृदयावरचा मारा थांबवला तेव्हा त्याने आपला पंप आपणच पुन्हा उभारला. हा माझ्या मते या साऱ्या शास्त्रातला सर्वांत मोलाचा धडा आहे.

रेटा कधीच नको असं मी म्हणत नाही. रक्तदाब कोसळला, लघवी बंद झाली, तर काही तास जीव धरून ठेवायला डोब्युटामिन लागतं. विंचूदंशाच्या शेवटच्या टप्प्यातही ते वापरतात. तो आणीबाणीतला उपाय. आणीबाणी संपली की तो थांबवायचा असतो.

आता ती बाटली. आमच्याकडे दम लागलेल्या, पाय सुजलेल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेलं की नातेवाईकच सांगतात, अशक्तपणा फार आहे, जरा ताकदीची सलाईन लावा. ज्याच्या फुप्फुसात आधीच पाणी आहे त्याच्या शिरेत आणखी अर्धा लिटर पाणी आणि मीठ. डॉक्टर नाही म्हणाला तर तो कसला डॉक्टर, अशी भावना होते. हाच न्याय जेवणाला. पेजेबरोबर खारा बांगडा, मिठातली कैरी, लोणचं ही आमच्या जिभेची ओढ मला पुरती ठाऊक आहे, आणि म्हाताऱ्याच्या ताटातून ती काढून घेताना जीव तुटतो. पण मिठाने शरीरात पाणी धरतं आणि ते पाणी ढकलायचं काम शेवटी त्याच थकल्या पेशींवर पडतं.

दुसरी अडचण याहून मोठी. औषधांनी बरं वाटू लागलं की औषध बंद. 'आता बरा वाटता, मगे गोळी कित्याक?' हा प्रश्न घरोघर ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर कुणीतरी नीट बसून द्यायला हवं: बरं वाटतंय ते गोळीमुळे, पेशीची घडी बसतेय म्हणून, आणि ती बसायला महिने लागतात. केरळात 2013 मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या 1,205 रुग्णांची नोंद ठेवली. सरासरी वय 61. तीन वर्षांत त्यातले सुमारे 45 टक्के गेले. ज्यांना पूर्ण औषधयोजना मिळायला हवी होती त्यांच्यातल्या चारांत एकालाच ती घरी जाताना मिळाली होती. आरोग्यसेवेत पुढारलेल्या केरळची ही गत असेल तर आमच्या बाजूला वेगळं काही असेल असं मानायला आधार नाही. औषधं महाग आहेत, असंही आता सरसकट म्हणता येत नाही. बीटा ब्लॉकर जुने आणि स्वस्त आहेत. डॅपाग्लिफ्लोझिन या नव्या औषधाचं पेटंट संपल्यावर त्याचेही भाव उतरले.

मग अडतं कुठे? बीटा ब्लॉकर अगदी छोट्या डोसाने सुरू करावा लागतो आणि साधारण दर दोन आठवड्यांनी, नाडी आणि रक्तदाब बघून, वाढवत न्यावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला उलट जास्त थकवा वाटतो. नेमक्या त्याच वेळी जवळ कुणी धीर देणारं, वजन करून बघणारं नसेल तर माणूस गोळी सोडून देतो. तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर ते अंगी लागलेलं नसून अंगात साठलेलं पाणी आहे, हे ओळखायला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, एक वही आणि फोनवर सल्ला देणारा एक डॉक्टर एवढं लागतं. आमच्या जिल्ह्यात मोठी यंत्रं यावीत ही मागणी रास्तच आहे, अॅन्जिओग्राफीसाठी गोव्यातली बांबोळी गाठावी लागू नये. पण वालावलसारख्या गावच्या सत्तरीतल्या माणसाने डोस वाढवून घेण्यासाठी दर पंधरवड्याला दीड-दोन तासांचा प्रवास करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. हे काम गावच्या उपकेंद्रात, परिचारिकेच्या आणि आशाताईंच्या हातून व्हायला हवं, त्यासाठी त्यांना शिकवायला हवं आणि त्या कामाचा मोबदलाही द्यायला हवा. प्राझोसिनची गोळी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात पोहोचू शकते, तर बिसोप्रोलॉलचा पाठपुरावाही तिथून होऊ शकतो.